कार्ड उपसलं की लॉगर अडकतो: तीन ड्रायव्हरांची आवराआवर एका जागी आणताना

"भो, डबा परत बंद पडना."

सावद्याच्या एका केळी पिकवण केंद्रावरचा ऑपरेटर मूळचा अमळनेरचा. त्याचा हा फोन आला की पुढचं आम्हाला पाठ असायचं. तापमानाच्या नोंदी ऑफिसात न्यायला त्याने लॉगरमधलं, म्हणजे तापमान टिपणाऱ्या डब्यातलं, मेमरी कार्ड उपसलेलं असायचं, दुसरं कार्ड घातलेलं असायचं आणि नव्या कार्डावर एकही नोंद उतरलेली नसायची. डब्याच्या पडद्यावर आकडे फिरत राहतात, त्यामुळे सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. पिकवणीच्या खोलीत तापमान साधारण १६ ते १८ अंशांवर धरून ठेवावं लागतं. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवसांत कूलिंग तासभर जरी बसलं तरी ते कधी बसलं, किती वेळ बसलं याची नोंद असायलाच हवी. माल मऊ पडला तर चूक कोणाची हे त्या नोंदीवर ठरतं आणि नोंद नसेल तर बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापले जातात. म्हणून हा दोष आमच्या मनाला फार लागला होता.

लिनक्सवर स्वतःचे दोन-तीन स्टोरेज ड्रायव्हर (साठवणीचं हार्डवेअर चालवणारा कोड) सांभाळणाऱ्या आणि एकीकडे बुजवलेला दोष दुसरीकडे उगवताना पाहणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर धरा. आमचा कर्नल ६.६ आहे.

काय दिसतं

कार्ड उपसल्यावर दोन मिनिटांनी कर्नल लॉगमध्ये ओळ येते की अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकून आहे. प्रोसेसच्या यादीत ती 'डी' अवस्थेत, म्हणजे न तुटणाऱ्या प्रतीक्षेत, असते. किल केली तरी मरत नाही, मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हर) उतरवायला गेलं तर ती कमांडही तिथेच बसते. नवं कार्ड घातलं की सिसएफएस (डिव्हाइसं फाइलींच्या रूपात दाखवणारी कर्नलची सोय) तक्रार करतं की या नावाची फाइल आधीच आहे, कारण जुनी डिस्क अजून गेलेलीच नसते. कधीकधी हे काहीच होत नाही, सगळं सुरळीत वाटतं आणि अर्ध्या तासाने भलत्याच ठिकाणी कर्नल कोसळतो.

पहिलं काम म्हणजे अडकलेल्या टास्कचा स्टॅक बघणं. प्रॉक फाइलसिस्टिममध्ये त्या प्रोसेसच्या फोल्डरमध्ये स्टॅक नावाची फाइल असते. नाहीतर सिसरिक्वेस्टला (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) 'डब्ल्यू' अक्षर पाठवा, अडकलेल्या सगळ्या टास्क लॉगमध्ये उतरतात. आमच्याकडे दर वेळी वरच्या ओळी सारख्याच होत्या. सगळ्यात वर ब्लॉक-एमक्यू-फ्रीझ-क्यू-वेट, त्याखाली डेल-जेनडिस्क, त्याखाली आमच्या ड्रायव्हरचं रिमूव्ह, म्हणजे डिव्हाइस जाताना आवराआवर करणारं फंक्शन.

यातच अर्धं उत्तर आहे. डेल-जेनडिस्क हे फंक्शन डिस्क नजरेआड करतं, पण त्याआधी क्यूमध्ये (रांगेत) शिरलेली प्रत्येक रिक्वेस्ट (वाचण्या-लिहिण्याची विनंती) पुरी होण्याची वाट बघतं. यशस्वी होवो की एरर येवो, कोणीतरी ती संपवायला हवी. आमच्या कार्ड ड्रायव्हरने त्याच्या आधीच इंटरप्ट (काम झाल्याचा हार्डवेअरचा इशारा) सोडून दिलेला होता. हार्डवेअर गेलं, इंटरप्ट गेला, आता ती रिक्वेस्ट संपवणार कोण? ब्लॉक लेअरचा (डिस्कच्या विनंत्या हाताळणारा कर्नलचा थर) ३० सेकंदांचा टाइमआउट असतो, पण ड्रायव्हरने टाइमआउटचं फंक्शन दिलं नसेल तर वेळ संपल्यावर फक्त घड्याळ पुन्हा लावलं जातं. रिक्वेस्ट तशीच राहते.

तोच दोष परत का यायचा

लॉगरमध्ये आमचे तीन ड्रायव्हर आहेत. एक काढता येणाऱ्या कार्डाचा, एक खाचेत बसणाऱ्या फ्लॅश काडतुसाचा, एक बॅटरीवर जपलेल्या छोट्या मेमरीचा. कार्डाचा पहिला लिहिला, बाकीचे दोन त्याची प्रत काढून. कार्डात दुरुस्ती केली की ती काडतुसात न्यायची राहायची. काडतुसात केलेली दुरुस्ती मेमरीत जायची, पण ओळी वरखाली होऊन.

शेवटी भुसावळच्या ऑफिसात तिन्ही रिमूव्ह फंक्शनं कागदावर छापली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि लाल पेनने प्रत्येक पायरीला आकडा दिला. कार्डात इंटरप्ट सोडणं १, तपासणीचं काम रद्द करणं २, डेल-जेनडिस्क ३. काडतुसात डेल-जेनडिस्क १, काम रद्द २, इंटरप्ट ३. मेमरीच्या ड्रायव्हरला इंटरप्टच नाही, म्हणून तो कधी अडकलाच नाही आणि आम्ही समजत होतो की तोच नीट लिहिलाय. शिवाय प्रत्येकात प्रोब (डिव्हाइस जोडणारं फंक्शन) फसल्यावरची आवराआवर वेगळीच होती, रिमूव्हशी न जुळणारी. म्हणजे तीन ड्रायव्हर आणि आवरण्याचे सहा क्रम.

तिथे ठरवलं की क्रम एकाच ठिकाणी लिहायचा.

कागदावरचा प्रत्येक फरक विचारून घ्या

इथे आमची चूक सांगतो, कारण ती सगळ्यांत महाग पडली. तिन्ही प्रती वाचून आम्ही 'बरोबर' वाटणारा क्रम उचलला, एका मॉड्यूलमध्ये घातला आणि तिघांना तो वापरायला लावला. काडतूस सुधारलं. कार्ड मात्र आता दर वेळी अडकायला लागलं, आधी दहातून दोनदा अडकायचं ते.

कारण एका शब्दात होतं. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तपासणीचं काम रद्द करताना 'सिंक' नसलेलं फंक्शन वापरलं होतं, म्हणजे चालू असलेलं काम संपायची वाट न बघणारं. आम्हाला ती चूक वाटली आणि एका अर्थी होतीच. मॉड्यूल उतरवताना चालू काम मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावायचं, ते अर्ध्या तासाने कोसळणं त्यातूनच यायचं. पण ते तसं लिहिण्यामागे कारण होतं. कार्ड खाचेत आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारं कामच, कार्ड दिसलं नाही की, आवराआवर सुरू करायचं. आमच्या नव्या सामायिक कोडने त्या कामाला त्याच कामाच्या पोटातून "संपेपर्यंत थांब" सांगितलं. स्वतःच स्वतःची वाट बघत बसलं ते. मूळ ड्रायव्हरमध्ये याबद्दल टिप्पणीची एक ओळसुद्धा नव्हती. लॉकडेप (एकमेकांची वाट बघणारी वर्तुळं पकडणारी कर्नलची तपासणी) चालू ठेवला असता तर त्याने पहिल्याच दिवशी हे वर्तुळ दाखवलं असतं. आम्ही तो वेग जाईल म्हणून बंद ठेवला होता.

आता तपासणीचं काम फक्त 'कार्ड गेलं' अशी खूण करतं आणि दुसरं, स्वतंत्र काम रांगेत टाकतं. आवराआवर ते दुसरं काम करतं. ड्रायव्हरचं रिमूव्ह आधी तपासणी सिंकसह रद्द करतं, मग ते दुसरं काम पुरं होऊ देतं आणि आवराआवर झाली नसेल तरच स्वतः करतं. दोघांमध्ये एक म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि 'झालं' अशी एक खूण.

काढून घेणं आणि उपसणं

दोन प्रसंग मुळातूनच वेगळे आहेत हे सामायिक कोडला कळायला हवं.

मॉड्यूल शांतपणे उतरवत असाल तर हार्डवेअर जिवंत आहे. मग आधी डेल-जेनडिस्क. फाइलसिस्टिमकडे राहिलेलं लिखाण त्या वेळी खाली उतरतं, चालू रिक्वेस्ट इंटरप्टच्या मार्गाने पुऱ्या होतात. त्यानंतर हार्डवेअर थांबवा, इंटरप्ट सोडा, टॅग-सेट (रिक्वेस्टांचे क्रमांक सांभाळणारी रचना) मोकळा करा, पुट-डिस्क करा.

कार्ड उपसलं असेल तर हा क्रम चालत नाही. आधी ब्लॉक लेअरला सांगायचं की डिस्क मेली, त्यासाठी ब्लॉक-मार्क-डिस्क-डेड आहे. सोर्समध्ये हे नाव बीएलके या संक्षिप्त रूपाने सुरू होतं. तिथून पुढे नव्या विनंत्या दारातच परत जातात. मग क्यू शांत करायची, म्हणजे क्वायेस. मग इंटरप्ट डिसेबल करायचा. डिसेबल-आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे एकच रिक्वेस्ट दोन बाजूंनी संपवली जात नाही. मग टॅग-सेटवरून फिरून हार्डवेअरकडे दिलेल्या पण परत न आलेल्या सगळ्या रिक्वेस्ट एरर देऊन संपवायच्या. आणि मग, हे विसरू नका, क्यूचं क्वायेस काढायचं. क्यूमध्ये शिरलेल्या पण हार्डवेअरपर्यंत न पोचलेल्या रिक्वेस्ट अजून आत आहेत. क्यू वाहती झाली की त्या आमच्या क्यू-आरक्यू (रिक्वेस्ट हार्डवेअरकडे देणाऱ्या) फंक्शनपर्यंत येतात, तिथे 'मेलेली' खूण दिसते आणि एरर घेऊन परत जातात. क्वायेस तसंच ठेवलं तर त्या कायम आतच राहतात आणि डेल-जेनडिस्क पुन्हा त्याच जागी अडकतं. आमचे दोन दिवस यात गेले, कारण स्टॅक हुबेहूब जुन्या दोषासारखाच दिसत होता.

शांतपणे उतरवायला सुरुवात केली आणि मध्येच कोणी कार्ड उपसलं तर? हे होतं. म्हणून टाइमआउटचं फंक्शन तिन्ही ड्रायव्हरांना सक्तीचं केलं. हार्डवेअर उत्तर देत नसेल तर ते रिक्वेस्ट संपवतं. आम्ही मुदत ३० वरून ५ सेकंदांवर आणली. कार्डाला तेवढी पुरते.

किती सामायिक करायचं

याचा नमुना कर्नलमध्येच आहे. यूएसबी स्टोरेजच्या फोल्डरमध्ये जंपशॉट, अलौडा, एसडीडीआर०९ असे जुन्या कार्ड रीडरांचे छोटे ड्रायव्हर आहेत. त्यांचं डिस्कनेक्ट त्यांचं स्वतःचं नाहीच, सगळे थेट यूएसबी-स्टोर-डिस्कनेक्टकडे बोट दाखवतात. ते आधी स्कॅनिंग थांबवतं, स्कझी होस्ट (कर्नलच्या डिस्क-कमांड थरातली त्या रीडरची नोंद) काढतं, मग कमांड चालवणारा धागा थांबवतं आणि मेमरी सोडतं. ड्रायव्हरचं खास काही असेल तर त्यासाठी एकच खिडकी (ड्रायव्हरने भरायची फंक्शनची जागा) ठेवलीय, एक्स्ट्रा-डिस्ट्रक्टर नावाची. ड्रायव्हरने ती भरली असेल तर बोलावली जाते.

पण त्याच फोल्डरमध्ये यूएएस (यूएसबीवरून स्कझी कमांड नेणारा) ड्रायव्हर आहे आणि त्याचं डिस्कनेक्ट वेगळं आहे. तो एका वेळी अनेक कमांड चालवतो. तो आधी 'बंद होतोय' अशी खूण करतो, पाठवलेले यूआरबी (यूएसबीच्या विनंत्या) मारतो, अडकलेल्या कमांड 'जोडणी नाही' म्हणून संपवतो आणि मगच स्कझी होस्ट काढतो. यूएसबी-स्टोरेज एका वेळी एकच कमांड हाताळतं, त्याला एवढं करावं लागत नाही. घर एक असूनही आवराआवर वेगळी ठेवली आणि ते योग्यच आहे. एनव्हीएमईने (एसएसडींच्या ड्रायव्हरने) दोन्हींची सांगड घातलीय. पीसीआय, टीसीपी, आरडीएमए या वाहतुकी वेगळ्या आहेत, पण अडकलेल्या रिक्वेस्ट रद्द करणं आणि नेमस्पेस (डिस्क म्हणून दिसणारे भाग) काढणं हे गाभ्यात आहे आणि प्रत्येक वाहतूक आपल्या क्रमात ते बोलावते.

आम्ही हीच रीत घेतली. आमचं सामायिक मॉड्यूल लायब्ररीसारखं आहे. त्यात दोन फंक्शनं आहेत, 'शांतपणे काढ' आणि 'गेलेलं आवर'. ड्रायव्हर त्यांना बोलावतो. त्यांच्याकडून ड्रायव्हरकडे परत येणाऱ्या खिडक्या दोनच आहेत, 'हार्डवेअर थांबव' आणि 'तुझं सोड'. तिसरी खिडकी मागितली गेली तेव्हा मी नाही म्हणालो. काडतुसाला पुसण्याचं अर्धवट काम थांबवायचं होतं. ते त्याने सामायिक फंक्शनला बोलावण्याआधी स्वतः थांबवावं. खिडक्या वाढल्या की सामायिक कोडला तिघांची अंडीपिल्ली माहीत असावी लागतात आणि कोणीही ओळ हलवायला घाबरतं.

एक सापळा इथे आहे. ब्लॉक डिव्हाइस ऑपरेशन्सची रचना आम्ही सुरुवातीला सामायिक मॉड्यूलमध्ये ठेवली, तिचा ओनरही तेच मॉड्यूल. डिस्क उघडली की कर्नल ओनर मॉड्यूलला धरून ठेवतो. म्हणजे धरलं जात होतं सामायिक मॉड्यूल आणि डिस्क उघडी असताना ड्रायव्हर खुशाल उतरत होता, त्याच्या खिडक्यांचे पत्ते मात्र मागे राहत होते. ऑपरेशन्सची रचना प्रत्येक ड्रायव्हरमध्येच ठेवा, ओनर तोच.

डेव्हएमवर सगळं सोपवू नका

डेव्हएम, म्हणजे डिव्हाइसला बांधलेली साधनं, ही सोय २००७ मध्ये तेजुन हो यांनी आणली, तीही लिबएटीएवर (एटीए डिस्कांचा कर्नलमधला कोड) काम करताना. स्टोरेज ड्रायव्हरांच्या रिमूव्ह आणि फसलेल्या प्रोबच्या वाटांमध्ये फार चुका होत्या हेच त्यामागचं एक कारण होतं. आपण जी साधनं घेतली ती उलट्या क्रमाने आपोआप सुटतात. फार मोलाची गोष्ट आहे आणि आमच्या प्रोबमधले निम्मे गोटू (फसल्यावर आवराआवरीकडे उडी मारणाऱ्या ओळी) तिने घालवले.

पण दोन जागी ती आम्हाला चावली. डेव्हएमची साधनं रिमूव्ह परत आल्यावर सुटतात. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि बफर मात्र रिमूव्हमध्ये हाताने सोडला, तर मधल्या क्षणी आलेला इंटरप्ट मोकळ्या मेमरीत लिहितो. घ्यायचं तर दोन्ही डेव्हएमने, नाहीतर दोन्ही हाताने. दुसरी जागा म्हणजे डिस्कची स्वतःची माहिती ठेवणारी रचना. ती डेव्हएमने घेतली की डिव्हाइस सुटताच जाते, पण लॉगरच्या प्रोग्रॅमने डिस्कची फाइल अजून उघडी धरलेली असते. ती रचना ऑपरेशन्समधल्या फ्री-डिस्क या खिडकीतच सोडायची, शेवटचा धरणारा सुटल्यावर.

२०२३ मध्ये ६.५ कर्नलपासून आलेली व्याप्तीनुसार आपोआप सोडण्याची सोय प्रोबमध्ये छान चालते. फक्त एकाच फंक्शनमध्ये ती आणि गोटू मिसळू नका. कर्नलची स्वतःची सूचनाही तशीच आहे.

आणि ॲड-डिस्कचा (डिस्क कर्नलला जोडणारं फंक्शन) परतावा तपासा. २०२१ पर्यंत ते काहीच परत करत नसे. आमच्या कार्ड ड्रायव्हरचा मूळ कोड त्या काळातला, त्यामुळे ते फसलं तरी प्रोब यशस्वी म्हणायचं आणि पुढे रिमूव्हमध्ये कधी न जोडलेली डिस्क काढायला जायचं. आता प्रोब फसला की हातातलं जेवढं घेतलंय तेवढंच उलट्या क्रमाने सोडतो. 'शांतपणे काढ' हे फंक्शन फक्त पूर्ण उभ्या राहिलेल्या डिस्कसाठी आहे. अर्धवट डिस्कही त्यालाच आवरायला लावायची म्हणून आधी त्यात रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्या भरल्या होत्या. त्या काढल्यावर कोड निम्मा झाला आणि वाचताही यायला लागला.

तपासायचं कसं

दर वेळी सावद्याला जाऊन कार्ड उपसणं शक्य नाही आणि टेबलावर हाताने उपसून वेळ साधत नाही. सिसएफएसमधल्या बाइंड आणि अनबाइंड फाइलींत डिव्हाइसचं नाव लिहीत राहा, एकीकडे डीडी या कमांडने सतत लिखाण चालू ठेवा. त्याने शांतपणे काढण्याची वाट तपासली जाते. उपसण्यासाठी आम्ही कार्डाच्या खाचेतल्या ओळखीच्या तारेत एक छोटा रिले बसवला, मायक्रोकंट्रोलर तो वेळी-अवेळी उघडतो. वीज खरोखर जावी म्हणून दुसरा रिले कार्डाच्या पुरवठ्यावर.

कर्नल बांधताना केएसॅन (मोकळ्या मेमरीला हात लागला की सांगणारा), केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारा) आणि लॉकडेप चालू ठेवा, मंद चालला तरी. डीबग-टेस्ट-ड्रायव्हर-रिमूव्ह हा पर्याय प्रत्येक ड्रायव्हर बूट होताना जोडतो, काढतो आणि पुन्हा जोडतो. आमच्या काडतुसाचा एक दोष नुसत्या बूटमध्ये सापडला. प्रोबसाठी फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम अपयश घडवण्याची सोय, वापरा. फेल-एनथ फाइलमध्ये (हिच्या नावात जोडरेघच आहे) १ लिहिलं की पहिली मागणी फसते, २ लिहिलं की दुसरी, असं प्रोब यशस्वी होईपर्यंत चढत जा. प्रत्येक पायरीवर केमेमलीक गप्प राहिला पाहिजे.

यातून सुटत नाही अशी एक गोष्ट आहे. लिखाण चालू असताना कार्ड उपसलं तर फॅट फाइलसिस्टिमवरची शेवटची नोंद अर्धवट राहू शकते, ड्रायव्हर कितीही नीट आवरो. म्हणून डब्यावर 'कार्ड काढा' असं एक बटण दिलं. ते दाबल्यावर फाइल बंद होते, हिरवा दिवा लागतो. एरर आली की प्रोग्रॅमने फाइल धरून न बसता सोडावी आणि नोंदी बॅटरीच्या मेमरीत ठेवाव्यात, हेही केलं. नवं कार्ड आलं की त्या कार्डावर उतरतात.

काडतुसाचं टाइमआउट फंक्शन अजून त्याच्या स्वतःच्या फाइलमध्येच आहे. फ्लॅशचा मोठा भाग पुसायला काही सेकंद जातात आणि ५ सेकंदांची मुदत त्याला कमी पडते. ते सामायिक करायचा विचार नाही, पण का वेगळं ठेवलं हे या वेळी कोडमध्येच त्याच्या डोक्यावर चार ओळींत लिहून ठेवलंय.